सत्तर तासांचा दर

सोमवार, ३

आज पत्र गेलं. सही करताना हात कापला. कुणी विचारलं तर पेन खराब होतं असं सांगायचं ठरवलं आहे.

आम्ही चौघे एकाच साइटसाठी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितो, आणि चौघांपैकी एकही तिथे नोकरीला नाही. गेम सहा तासांत संपो की सत्तर, परीक्षणाचे पैसे तेवढेच. मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि उरलेल्या वेळात कोड्यांचे गेम खेळतात. त्यांनी हिशोब काढला तेव्हा कळलं, की मोठ्या गेमला आमची ताशी कमाई खालच्या मजल्यावरचा कुत्रा फिरवून आणणाऱ्या माणसाच्या एक तृतीयांश पडते. "आणि कुत्र्याला शेवटी दहापैकी गुणही द्यावे लागत नाहीत," असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. भ्यालेल्या माणसांपुढे विनोद करू नये, हे या वयात तरी कळायला हवं होतं.

पत्रात मागितलंय ते साधं आहे: खेळायला जितके तास लागतात त्याप्रमाणे दर. दहा तासांपर्यंत एक, तीसपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. दर मान्य होईपर्यंत कुणीही परीक्षण द्यायचं नाही. शेवटचं कलम आमच्या आपसातलं. ते मी लिहिलं. "जो कोणी जुन्या दराने अथवा विनामोबदला परीक्षण देईल, तो या चौघांतला राहणार नाही, अन्य तिघे त्यास कोणत्याही कामासाठी सुचवणार नाहीत." आमचं काम ओळखीवरच चालतं, तेव्हा हे म्हणजे जवळजवळ मृत्युदंड.

"पंडित, वाचूनच कापरं भरलं," फौजदार म्हणाला. हा फौजदार कधी पोलिसात नव्हता. गोळीबाराचे गेम खेळतो आणि समोरच्याची उलटतपासणी घेतो, म्हणून फौजदार. मी संस्कृत पाठशाळेत सात वर्षं काढली, म्हणून पंडित.

त्याला कापरं भरलं याचा मला अभिमान वाटला.

मंगळवार, ४

उत्तर नाही.

आमच्या संपादकांना आम्ही आपसात 'मधुमेह' म्हणतो. गोड आहेत, आणि माणसाला कळेपर्यंत त्याचा पाय गेलेला असतो. मागच्या वर्षी दोघांचे गेले. काढलं नाही कुणी; फक्त फोन येणं बंद झालं.

दिवसभर फोन उलटा ठेवला. उलटा ठेवला तरी तो टेबलावर थरथरतो, आणि मग मीही.

शुक्रवार, ७

भाची येऊन गेली. चौथी सही तिची. माझ्या ताईची मुलगी. या धंद्यात तिला मी आणलं, आणि ते ताईने मला अजून माफ केलेलं नाही. ताईने मुदत घातली आहे: या महिनाअखेरपर्यंत लिहून पोट भरतं असं दिसलं नाही, तर विमा कंपनीतली नोकरी धरायची. जागा ठरलेली आहे, टेबलसुद्धा ठरलंय.

तीन वर्षं मी तिची विशेषणं छाटली. आता तिचं वाक्य आणि माझं वाक्य शेजारी ठेवलं तर कुठलं कुणाचं हे मलाच कळत नाही. ती म्हणते, "तुमच्यात एक 'तथापि' जास्त असतो."

"मामा, घाबरलात?" तिने विचारलं.

"मी? पेटलेल्या बाजारात उभा राहून बातमी दिलीय मी."

"ते लहानपणापासून ऐकतेय. मी आत्ताचं विचारतेय."

मी विषय बदलला आणि त्या बाजाराचीच गोष्ट पुन्हा सांगितली. आमचं दैनिक जिवंत होतं तेव्हा मी बाहेरगावचा वार्ताहर होतो. कागदावर उतरवायला वेळ नसायचा. फोन सापडला की उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि अख्खी बातमी तोंडाने सांगायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. पलीकडे टंकलेखक टाइप करायचा आणि शेवटी वाचून दाखवायचा. चौदा वर्षांत एक वाक्य दुरुस्त करावं लागलं नाही. पाठशाळेतल्या घोकंपट्टीचा माझ्या आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.

भाचीला ही गोष्ट पाठ आहे. तरी शेवटपर्यंत ऐकली. गुणी आहे.

बुधवार, १२

अजून उत्तर नाही. पण आमच्या हातात एक गोष्ट आहे. या महिन्यातला सगळ्यात मोठा गेम आम्हा चौघांना कंपनीकडून आधीच खेळायला मिळाला आहे. १९ तारखेला सकाळी नऊपर्यंत त्याबद्दल कुणी काही छापायचं नाही, असं कंपनीचं बंधन. नऊच्या ठोक्याला सगळ्या साइटवर परीक्षणं येतील, आणि आमच्या साइटकडे काही नसेल. सत्तर तासांचा गेम आता कुणाला नव्याने खेळायला बसवणार? मास्तर म्हणतात, गणित आपल्या बाजूने आहे.

पाण्याखाली गेलेलं शहर आहे, आणि त्यात एकटी घंटावाली बाई. मी बावन्न तास पार केलेत. मागच्या खोलीत खिडकीला चादर लावून बसतो. खेळताना सारखं मागे वळून पाहावंसं वाटतं. राक्षस आहेत, पण भीती त्यांची नाही. आपण मागचं दार लावलं होतं का, याची आहे.

'भी' हा धातू तिसऱ्या गणातला: बिभेति. गुरुजी म्हणायचे, या गणात धातूचं द्वित्व होतं. भीती एकदा घरात आली की स्वतःची जोडीदारीण घेऊनच येते. तेव्हा आम्ही हसलो होतो. मग छडी बसली, तेव्हा अर्थ लागला.

रविवार, १६

दुपारी जेवण आटोपलं आणि फोन थरथरला. मधुमेह. चार वेळा वाजेपर्यंत विचार केला आणि पाचव्याला उचलला. न उचलण्यातून भीती दिसली असती.

"पंडितजी, रागावलात आमच्यावर?"

"छे, छे."

"पत्र वाचलं. काय भाषा! दोनदा वाचलं. दराचं मी वर बोलतोय, ती काळजी तुम्ही करू नका. मी सहज केला फोन. तुमच्याशी बोललं नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं."

"हो का."

"आणि लिहूबिहू नका हं काही! शब्द दिलाय तुम्ही, मी तो मोडायला सांगणार नाही. पण गेम कसा वाटला? आपलं आपल्यात."

दोन आठवडे मी त्या बुडालेल्या शहरात एकटा आहे. बायकोला सांगावं तर ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून आलेल्या बाईला घरच्या कण्हण्याचं काय कौतुक? मग विचारलंय कुणीतरी, म्हणून सांगितलं. खिडकीपाशी आवाज नीट पोहोचतो, तिथे जाऊन बोललो. अर्धा तास तरी झाला असेल. माणूस काय ऐकतो! मध्ये एक अक्षर बोलला नाही. दोनदा फक्त म्हणाला, "जरा सावकाश, पंडितजी, आवाज तुटतोय," आणि एकदा, "ते दाराचं काय म्हणालात? पुन्हा सांगा, फार सुंदर आहे." पलीकडे टेबलावर बोटं वाजवण्याचा टकटक आवाज येत होता. सवय असावी, मोठ्या लोकांना असतात. शेवटी गुण विचारले. मी दहापैकी साडेसात म्हणालो आणि अर्धा का कापला तेही सांगितलं.

फोन ठेवून वळलो तर बायको दारात.

"कुणाला बातमी देत होतात?"

"बातमी कसली? गप्पा मारत होतो."

"डोळे मिटून?"

या बाईला प्रत्येक गोष्टीत खोच काढायची असते. पण खरं सांगायचं तर आज बऱ्याच दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. माणूस आपण समजतो तितका वाईट नाही. दर देईलसं वाटतं.

बुधवार, १९

नऊ वाजून पाच मिनिटांनी फौजदाराचा निरोप: "साइट बघा. कुणीतरी दगा दिलाय."

परीक्षण आलंय. लांबलचक, गुणांसकट. खाली नाव नाही, नुसतं 'आमच्या प्रतिनिधीकडून'. माझ्या दैनिकात माझ्या बातम्यांवर हेच छापत. दगा देणाऱ्याने तेवढेही शब्द सोडले नाहीत.

मी ते वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. तिघांच्या मानेवर पाय देऊन लिहिलेलं अक्षर माझ्या डोळ्यांखालून जाणार नाही. फौजदाराला तसं कळवलं. त्याने कळवलं, "शाब्बास."

दहा वाजता चौघांना मधुमेहाचं पत्र. "आपल्यापैकीच एका जाणत्या लेखणीचं परीक्षण आमच्याकडे आलेलं असल्याने नव्या दरांचा विचार करण्याचं कारण उरलेलं नाही. जुन्या दराने काम करू इच्छिणाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कळवावं."

'आपल्यापैकीच.' दुपारी जेवण गेलं नाही. दाराची घंटा वाजली तर मी खोलीतच बसून राहिलो. गॅसवाला होता.

गुरुवार, २०

फोनवर तिघे बोललो: मी, मास्तर, फौजदार. भाचीला घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मास्तर चाचरत म्हणाले, "मी ते तीनदा वाचलं. राग मानू नका, पंडित, पण वळण तुमचं आहे."



"पंडित मेला तरी मोडणार नाही," फौजदार म्हणाला. "कलम कुणी लिहिलंय? त्यानेच. मग मला सांगा, पंडितच्या वळणाचं लिहिणारं दुसरं कोण आहे?"



"एकच आहे," मी म्हणालो.

वही माझी आहे, म्हणून लिहितो. ते बोलताना तीन गोष्टी वाटल्या. दुःख वाटलं. वळण इतकं उतरलं याचा थोडा अभिमान वाटला. आणि बोट माझ्यावरून सरकलं म्हणून हायसं वाटलं. त्यातलं हायसं वाटणं सगळ्यात मोठं होतं.

तिला मी सांगायचं असं ठरलं. घरचा माणूस म्हणून.

शुक्रवार, २१

भाचीची खोली किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर आहे. खालचं यंत्र सुरू झालं की जमिनीतून दातात कळ जाते. एक गादी, गेमचा एक पडदा, एक खुर्ची. खुर्ची मला दिली.

मी सांगितलं. ती गादीवर बसली. मग म्हणाली, "मामा, तुम्ही ते वाचलंत?"

"नाही. आणि वाचणारही नाही."

"एकदा वाचा."

"मी काय वाचायचं ते तू मला शिकवू नकोस. भाड्याचं अडलं होतं तर माझ्याकडे यायचं."

"भाडं दिलंय मी."

"मग का केलंस?"

खाली यंत्र सुरू झालं. ते थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लहानपणी मी खेळात हरलो की अशी बघायची.

"मी लिहिलेलं नाही, एवढं सांगितलं तर पुरेल?"

"बाकीच्या दोघांना पुरावा लागेल."

"बाकीच्या दोघांना," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"

मी खिशातून कागद काढला आणि कलम वाचून दाखवलं. वाचताना आवाज मोठा झाला. यंत्र चालू होतं म्हणून असेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलंय. 'अन्य तिघे'च्या जागी 'बाकीचे तिघे' चाललं असतं."

जिन्यापर्यंत सोडायला आली. खालच्या पायरीवरून वर पाहिलं तर तिथेच उभी होती. "वाचा हं, मामा," म्हणाली.

सोमवार, २४

ताईचा फोन. आनंदात होती.

"एक तारखेपासून जातेय बाई विमा कंपनीत! काल स्वतःहून हो म्हणाली. तूच नादाला लावलं होतंस आणि तूच सोडवलंस. धाकटा असून मोठ्याचं काम केलंस हो."

मी "हं" म्हणालो.

बँकेत साइटचे पैसे आलेत, जुन्या दराने एका परीक्षणाचे. मागचं काही राहिलं असावं. पण यांनी मागितल्याशिवाय कधी दिले नाहीत. का कोण जाणे, तो आकडा तीनदा पाहिला. मोबाइल बंद केला.

बायकोने जेवताना विचारलं, "पोरीने तुम्हाला काय विचारलं होतं?"

"वाचलंत का म्हणून."

"मग वाचलंत?"

"नाही."

तिने वाढायचं थांबवलं. मग पुन्हा वाढायला लागली, पण माझ्या ताटात नाही.

बुधवार, २६

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली, चपला काढल्या, चष्मा लावला आणि माझ्यासमोर बसली.

"तुम्ही वाचू नका. मी वाचते. कान उघडे ठेवायला तुमच्या कलमाची हरकत नाही ना?"

मी वायरींचा गुंता सोडवत होतो. तोच सोडवत राहिलो. ती वाचायला लागली, दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारतात तशा सपाट आवाजात. पहिल्या वाक्यात बुडालेलं शहर आलं. दुसऱ्यात घंटावाली आली. एक 'तथापि' आला.

तिसरं वाक्य: "या गेममधली भीती राक्षसाची नाही," आणि तिचा चष्मा घसरला. तो सावरेपर्यंत उरलेलं वाक्य खोलीत कुणीतरी म्हणालं. "आपण मागचं दार लावलं होतं का, याची आहे."

मीच म्हणालो होतो.

तिने मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अक्षरन् अक्षर," ती म्हणाली. "खिडकीपाशी उभं राहून सांगितलंत ते. मी भांडी विसळत ऐकलं होतं."

ती टकटक बोटांची नव्हती. चौदा वर्षं मी तो आवाज रोज ऐकला आहे. टाइप करण्याचा आवाज मला ओळखू आला नाही, असं कुणाला सांगितलं तर पटेल का? मलाच पटत नाही.

गुरुवार, २७

कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं नाही तर काय होईल, याचा विचार केला. काहीही होणार नाही. मधुमेह बोलणार नाही, त्याला माझी गरज आहे. भाची बोलली नाही, ती आता बोलायची नाही. मला पकडणारं कुणी नाही. सकाळपासून तीनदा आंघोळीला गेलो.

"सोमवारी एक तारीख आहे," बायको म्हणाली.

शुक्रवार, २८

आधी भाचीला फोन केला. चार शब्द बोललो असेन.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "पहिल्याच परिच्छेदात कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुम्ही ठरवून आला होतात. मी तुमचं नाव घेतलं असतं तर म्हणाला असतात, एक तर दगा, वर मामावर आळ."

म्हणालो असतो. हेच शब्द.

"आणि मला वाटलं, वाचाल. लिहिणारा माणूस किती दिवस न वाचता राहील? मी रोज वाट बघत होते, मामा."

मग चौघांना एकत्र घेतलं आणि सगळं सांगितलं. गप्पा, खिडकी, साडेसात गुण. फौजदाराने एकही उलटप्रश्न केला नाही, आणि ते मला फार लागलं. शेवटी एवढंच म्हणाला, "पैसे घेतलेस?"

"मागितले नव्हते. आलेत. परत पाठवतो."

मास्तर म्हणाले, "कलमात 'अथवा विनामोबदला' आहे, पंडित."

"हो. मीच घातलंय."

भाचीच्या खोलीखालचं यंत्र फोनवर ऐकू येत होतं.

"मामा," भाची म्हणाली, "तुम्ही आता फोन ठेवा. आम्हाला तिघांना बोलायचंय."

मी ठेवला.

रविवार, ३०

सकाळी ताईचा फोन. पंधरा मिनिटं शिव्या दिल्या. घरभेद्या म्हणाली, कलमबहाद्दर म्हणाली, पोरीच्या आयुष्याचा जुगार केलास म्हणाली. त्यावरून समजलो, भाची उद्या विमा कंपनीत जात नाहीये.

मास्तरांनी संपादकांना गेलेल्या नव्या पत्राची प्रत उपचारापुरती मलाही पाठवली. दर तेच. सह्या तीन, पहिली भाचीची. शेवटच्या कलमात आता 'बाकीचे' आहे आणि एक ओळ वाढली आहे: "लिहून, बोलून किंवा कुठल्याही प्रकारे." पुढचा मोठा गेम ऐंशी तासांचा आहे, छापायची मुभा बारा तारखेला. दर मिळेल की तिघांचेही फोन बंद होतील, ठाऊक नाही. मला कंपनीकडून तो गेम आधीच आलाय. मी खेळतोय. दुसरं काय करणार?

दुपारी फोन थरथरला.

"पंडितजी! ऐकलं मी. बाहेर काढलं म्हणे तुम्हाला? तुम्हाला! काय दिवस आले. पण बघा, आता तुम्ही मोकळे. वर्षभराची मोठी परीक्षणं सगळी तुमची. दर जुना, पण काम भरपूर. या वयात आणखी काय हवं माणसाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं ते राहू द्या. नवा गेम बघताय ना? कसा आहे? आपलं आपल्यात."

मला कळलं तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो आणि डोळे मिटलेले होते. पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. चांगलं वाक्य होतं. पलीकडे टकटक सुरू होण्याआधीची शांतता होती. बायको बाहेरच्या खोलीत होती, आणि तिची भांडी वाजायची थांबली होती.

मी खाली बसलो. बसून मला कधीच नीट सांगता आलेलं नाही.

"दर काय?" मी विचारलं.

"अहो, आपलं आपल्यात..."

"दराचं माझ्या भाचीला विचारा. पत्रावर पहिली सही तिची आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला. "विचार करा, पंडितजी. पुढच्या वेळी मी फोन करीनच असं नाही."

त्याने ठेवला. चार वाजलेत. फोन सरळ ठेवलाय आणि तो एकदाही थरथरलेला नाही.

हात अजून कापतोय. पेन चांगलं आहे.